ड्रोन नाही हो काका, विमान आहे! किटमधून रिमोटचं विमान बनवायचं म्हणजे नक्की काय

दरवर्षी एकदोनदा तरी पेपरात ती बातमी येतेच. कोणीतरी व्हीआयपी पुण्यात येणार असतो नाहीतर पालखी असते, आणि पोलिसांचा आदेश निघतो की अमुक ते अमुक तारखेपर्यंत ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून, रिमोटवरची विमानं वगैरे उडवायला बंदी. बातमी आली की आमच्या खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात गाठतात, "काय, तुमचं ड्रोन आता कपाटात का?" मी म्हणतो काका ते ड्रोन नाहीये, विमान आहे. "तेच हो, एकच!" म्हणतात आणि दुधाची पिशवी घेऊन घरात जातात.

कायद्याच्या बाबतीत काकांचं बरचसं बरोबर आहे, त्यावर शेवटी येतो. पण उडण्याच्या बाबतीत ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या अगदी उलट आहेत आणि तो उलटेपणा कळला की किटमधून विमान बनवताना लोक महिना महिना टेबलावर वाकून काय करत असतात तेही कळतं.

ड्रोन वर राहतं कशाच्या जोरावर?

तळहातावर केरसुणी उभी धरून बघितली असेल लहानपणी. ती इकडे कलली की हात इकडे, तिकडे कलली की तिकडे, हात थांबला की केरसुणी खाली. चार पंख्यांचं ड्रोन म्हणजे हीच केरसुणी. आत एक छोटा कॉम्प्युटर सेकंदाला शेकडो वेळा बघतो की आपण किती कललोय आणि त्याप्रमाणे चारही मोटरींचा वेग कमीजास्त करत राहतो. तो कॉम्प्युटर बंद पडला तर ड्रोन दगडासारखं खाली येतं, त्याच्या आकारात हवेत टिकण्यासारखं काहीच नसतं.

विमानाचं तसं नाही. रिकामी सायकल हात सोडून ढकलून दिली तर बरंच अंतर स्वतःची स्वतः सरळ जाते ना, थोडी डगमगते पण सावरते, विमान तसं. नीट बनवलेलं शिकाऊ विमान मोटर बंद करून, रिमोटला हात न लावता सोडलं तरी हळूहळू तरंगत खाली येतं. आणि हे काही नवीन नाही, १८७१ साली पॅरिसमध्ये आल्फाँस पेनो नावाच्या माणसाने रबरबँडवर चालणारं छोटं विमान उडवून दाखवलं होतं, ना रिमोट ना आत माणूस, नुसत्या शेपटीच्या कोनावर ते तोल सांभाळत गेलं. त्याच पेनोच्या रबरबँडवाल्या खेळण्यासारखं एक खेळणं १८७८ मध्ये राइट बंधूंना त्यांच्या वडिलांनी आणून दिलं होतं, पुढचं माहितीच आहे.

म्हणजे ड्रोनमध्ये तोल सांभाळायचं काम कॉम्प्युटर करतो, आणि विमानात ते काम आकार करतो, आणि किटचं विमान असेल तर तो आकार तुम्ही बनवता. टेबलावर जे वाकडं झालं ते हवेत वाकडंच जाणार.

पेटीत असतं काय?

पेटी उघडली की पहिल्यांदा निराशाच होते. विमान कुठेच दिसत नाही. लेझरने कापलेल्या पातळ लाकडाच्या शीट, काड्या, थोडं प्लायवूड, तारा, आणि घडी घातलेला एक मोठा कागद. तो कागद म्हणजे प्लॅन, विमानाचं खऱ्या मापाचं चित्र. लाकूड बाल्सा असतं, बहुतेक इक्वेडोरकडून येणारं, सागवानाच्या साधारण पावपट वजनाचं, नखाने दाबलं तर खड्डा पडतो. पंखाच्या आडव्या फासळ्यांना रिब म्हणतात आणि त्या सगळ्यांना टोकापासून टोकापर्यंत धरून ठेवणारी काडी म्हणजे स्पार, घराला आढं असतं तसं.

प्लॅन सपाट फळीवर पसरायचा, वर पारदर्शक प्लास्टिक (नाहीतर गोंद प्लॅनलाच चिकटतो, मी केलंय ते), त्याच्यावर काड्या टाचण्यांनी रोवायच्या आणि जोडत जायचं. फळी खरंच सपाट पाहिजे. जुन्या फ्लश डोअरचा तुकडा उत्तम, डायनिंग टेबल सपाट वाटतं पण नसतं, आणि घरातले त्याच्यावर महिनाभर टाचण्या रोवू देत नाहीत तो भाग वेगळाच. सांगाडा झाला की त्याच्यावर रंगीत प्लास्टिकची फिल्म इस्त्रीने चिकटवतात. जुनी इस्त्री घ्या, आमच्याकडे आईच्या चांगल्या साडीवर निळा डाग पडल्यापासून माझी इस्त्री वेगळी आहे.

मोटर, बॅटरी, रिमोट हे शक्यतो किटमध्ये नसतं, वेगळं घ्यायचं. काही वस्तू पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळतात, बाकीच्या ऑनलाइन. पहिल्यांदा सगळं मिळून मला दहा-बारा हजार पडले आणि त्यात लाकडाचा वाटा कमी होता, रिमोट आणि बॅटरीचा जास्त. रिमोट पुढच्या विमानाला पण चालतो हे घरी सांगायला विसरू नका.

पंख उचलतो कसा (आणि शाळेत काय चुकीचं शिकवलं)

एक्सप्रेसवेवर गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून पुढची कड जराशी वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर ढकलते. शाळेत आम्हाला सांगितलेलं की पंखावरचा रस्ता लांबचा म्हणून वरची हवा घाईने जाते आणि खालच्या हवेला पलीकडे वेळेवर गाठते. ही वेळेवर गाठायची भानगड खरी नाही, वरची हवा वेगात जाते हे खरं पण ती खालच्या हवेसाठी थांबत बिंबत नाही. नाहीतर विमानं उलटी उडालीच नसती, आणि सपाट फोमच्या शीटचं विमान पण उडतं.

हाताची कड फार वर केली तर? उचल जाते आणि हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचं तेच. ह्याला स्टॉल म्हणतात, इंजिन बंद पडण्याशी ह्या शब्दाचा इथे संबंध नाही, पंखावरून हवा सुटते आणि उचल एकदम कमी होते. विमान हळू झालं की वर राहण्यासाठी पंखाचा कोन वाढवावा लागतो, आणि वाढवत वाढवत एका ठिकाणी हवा सुटते. म्हणून प्रत्येक विमानाला त्याच्यापेक्षा हळू उडताच येत नाही असा एक वेग असतो.

तो वेग मुख्यतः वजन आणि पंखाच्या आकारावर ठरतो. माझं विमान १.२ मीटर लांब पंखाचं, पंखाची रुंदी २० सेंटिमीटर, वजन एक किलो. ह्याचा किमान वेग येतो ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. तेच विमान गोंद थापून, रंगाचे दोन हात मारून १३०० ग्रॅम केलं तर ३२. चारच तर वाढले असं वाटेल, पण सावकाश येऊन टेकणारं विमान आणि अंगावर येणारं विमान ह्यातला फरक बऱ्याचदा तेवढाच असतो. त्यात पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणजे इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ. फार नाही, पण जिथे वजन कमी करायचं असतं तिथे आपण ते वाढवायला जातो.

कन्नी चुकली की पतंग गोते खातो, विमानाची कन्नी म्हणजे सीजी

हा भाग नीट वाचा, बाकीचा विसरलात तरी चालेल.

संक्रांतीला पतंगाची कन्नी बांधताना आपण काय बघतो, गाठ अर्धा इंच खाली आली तर पतंग गोल गोल फिरतो, वर गेली तर उठतच नाही. कागद तोच, काडी तीच, वारा तोच. विमानात ही जागा म्हणजे सीजी, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, सगळं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू. शिकाऊ विमानात सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर ठेवतात, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पंखात पाच ते साडेसहा सेंटिमीटर. पंखाखाली दोन्हीकडे पेनाने खूण करायची, दोन बोटांवर विमान उचलायचं, बॅटरी आत घालून, आणि ते सपाट किंवा नाक किंचित खाली राहिलं पाहिजे.

शेपूट जड झाली तर काय होतं ते मी स्वतः बघितलंय. पहिलं विमान, तीस-पस्तीस तासांचं काम, शेपटीला जास्त मजबुती म्हणून डबल गोंद आणि वर रंग. बॅटरी पुढे नीट बसेना म्हणून ती जरा मागे सरकवली, वेल्क्रो लावला, झाकण बंद. मुळशीकडे मित्राच्या शेतात गेलो, भात कापून झालेला, नुसते धसकट. मित्राने फेकलं. विमानाने नाक वर केलं, मी रिमोटवरची काठी पुढे ढकलली तरी वरच, मग हवेत उभं राहिलं अक्षरशः शेपटीवर, क्षणभर तिथेच लटकलं, डावा पंख पडला आणि सरळ बांधावर. सगळं मिळून सहा सेकंद. मित्र म्हणाला मोटर कमी पडली. मोटर नव्हती कमी पडली, मी सीजी बघितलाच नव्हता.

असं का होतं? बाणाचं टोक जड असतं आणि पिसं मागे असतात. वजन पुढे आणि वारा पकडणारी गोष्ट मागे, असं असलं की वाऱ्याने टोक हललं तरी पिसं त्याला परत सरळ करतात. विमानाची शेपूट म्हणजे पिसं. वजन मागे गेलं की हा सगळा खेळ उलटा होतो, नाक जरा वर गेलं की आणखी वर जातं, आणि तुम्ही रिमोटवर सुधारेपर्यंत वेळ गेलेली असते.

आणि शेपटीतला एक ग्रॅम एक ग्रॅम नसतो. सीसॉवर लांब बसलेलं लहान पोरगं जवळ बसलेल्या मोठ्या माणसाला उचलतं तसं. शेपूट सीजीपासून ६० सेंटिमीटर मागे आणि नाक २० सेंटिमीटर पुढे असेल तर शेपटीतल्या १० ग्रॅम जास्तीच्या गोंदाला नाकात ३० ग्रॅम वजन लागतं, म्हणजे एकूण ४० ग्रॅम फुकट. मी आता टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगची ती चिकटणारी वजनं आणतो, पाच पाच ग्रॅमच्या वड्या असतात, नाकात आतून लावायच्या. पण आधी बॅटरी पुढे सरकवून बघा, ते फुकट असतं.

पंख व्ही का असतात, आणि पावसाळ्यात काम का थांबतं

बाल्कनीत उतरणारं कबुतर बघा, पंख वर करून व्ही करतं. शिकाऊ विमानात पंख असेच थोडे वर उचललेले जोडतात. विमान एका बाजूला कललं की त्या बाजूला घसरायला लागतं, आणि व्ही असल्यामुळे खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून लागते, तो परत वर येतो. हा कोन प्लॅनमध्ये दिलेला असतो, तो दोन्हीकडे सारखा आला पाहिजे एवढंच.

खरा त्रास पिळाचा. बाल्सा ओलावा पितं. जुलैमध्ये शीट भिंतीला टेकून ठेवली तर चार दिवसांत केळीच्या पानासारखी वळते, आणि पंख बनवताना पीळ बसला तर एक बाजू जास्त उचलते, दुसरी कमी, विमान कायम एकीकडे ओढतं. तपासायचं सोपं आहे, विमानाच्या मागे उभं राहून एक डोळा मिटून दोन्ही पंखांच्या मागच्या कडा बघायच्या. पीळ दिसला तर उलट्या बाजूला पिळून धरायचं आणि फिल्मवरून इस्त्री फिरवायची, थंड होईपर्यंत सोडायचं नाही. दोन माणसं लागतात.

"मोठी मोटर लावली की कसंही उडेल ना?"

उडेल, रॉकेट पण उडतं. पण वाकडं विमान मोठ्या मोटरने नुसतं लवकर पडतं. शिकाऊ विमानाला किलोमागे साधारण २०० वॉट भरपूर. मोटरवर केव्ही लिहिलेलं असतं, त्याचा किलोव्होल्टशी संबंध नाही, एका व्होल्टला रिकामी मोटर मिनिटाला किती फेरे घेईल तो आकडा. हजार केव्हीची मोटर ११.१ व्होल्टवर म्हणजे अकरा हजारांच्या आसपास, पुढचा पंखा (प्रोपेलर) लावला की कमी. पुढच्या पंख्यावर १०×५ लिहिलेलं असतं, दहा इंच लांब, आणि लाकडात स्क्रू जातो तसा हवेत घसरला नाही तर एका फेऱ्यात पाच इंच पुढे जाईल. बोटं त्याच्यापासून लांब ठेवा. बॅटरी जोडताना पंखा काढलेला असला तर उत्तम, मी डझनभर टाके पडलेली माणसं बघितलीत.

एक गंमत, प्लॅनमध्ये मोटर किंचित खाली आणि किंचित उजवीकडे वळलेली दाखवतात, दोनेक अंश. नवीन माणसाला ती छपाईची चूक वाटते आणि तो पॅकिंग घालून ती सरळ करतो. ती चूक नसते. पंखा एका दिशेला फिरतो तेव्हा विमानाला डावीकडे ओढ लागते, उजवीकडचं वळण हा त्याचा उतारा आहे.

बॅटरी लिपो, लिथियम पॉलिमर. एका सेलचे ३.७ व्होल्ट, तीन सेल म्हणून ११.१. पूर्ण भरल्यावर सेल ४.२ ला जातो, आणि ३.३ च्या खाली वापरत राहिलात तर फुगायला लागतो. फुगलेली बॅटरी परत चार्ज करायची नाही, आणि चांगली असली तरी चार्जिंगला लावून झोपायचं नाही, ह्यांची आग वाईट असते. २२०० एमएएचची बॅटरी फुल थ्रॉटलला १८ अँपिअर खेचली तर सात मिनिटांत संपते, अर्ध्यावर उडवलं तर दहाबारा मिनिटं. टायमर लावा आणि थोडी शिल्लक असतानाच उतरवा.

रिमोट, आणि दुसऱ्याच्या रिमोटने आपलं विमान पडेल का?

पूर्वी पडायचं. सगळ्यांचे रिमोट ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर चालायचे, शेजारच्याने तीच फ्रिक्वेन्सी चालू केली की तुमचं विमान गेलं. आता २.४ गिगाहर्ट्झ, वायफायचाच पट्टा, आणि रिमोट एका फ्रिक्वेन्सीवर थांबतच नाही. गणपतीच्या आधी तुळशीबागेत गर्दीत दोघांनी आधीच ठरवलंय की आधी बांगड्यांचं दुकान, मग भांड्यांचं, मग देवळाचं दार, दर मिनिटाला जागा बदलायची, तर तिसरा माणूस एखाद्या ठिकाणी मध्ये आला तरी पुढच्या दुकानात भेट होतेच. रिमोट आणि विमानातला रिसीव्हर पहिल्यांदा जोडताना हीच यादी ठरवतात, त्याला बाइंड करणं म्हणतात. १९४२ साली ह्या उड्या मारायच्या युक्तीचं एक पेटंट हेडी लामार ह्या हॉलिवूडच्या नटीच्या आणि एका संगीतकाराच्या नावावर निघालेलं, टॉर्पेडोसाठी.

रिसीव्हरला जोडलेली छोटी मोटर म्हणजे सर्वो, ती काठी हलेल तेवढंच वळते आणि तिथे धरून ठेवते. शेपटीतला आडवा भाग नाक वरखाली करतो, उभा भाग डावंउजवं, आणि पंखाच्या टोकाकडच्या पट्ट्या विमान कलवतात. प्रत्येक वेळी उडवायच्या आधी हलवून बघायचं की उजवं म्हटल्यावर उजवंच जातंय का. हसू नका, उलटं लागलेलं लक्षात न येता फेकणारे दरवर्षी असतात.

"जायरो लावला तर एवढा खटाटोप कशाला?"

हल्ली जायरो म्हणून तोल सांभाळणारी छोटी सर्किटं मिळतात, विमान कललं की स्वतः सरळ करणारी. वाऱ्यात बरी पडतात. पण शेपूट जड असेल तर जायरो तुमच्याऐवजी सारखा झगडत राहतो आणि तुम्हाला कळतच नाही की विमानात चूक आहे, ज्या दिवशी तो सैल होतो त्या दिवशी कळतं. माझं मत, पहिली दहा उड्डाणं त्याच्याशिवाय करा. ह्यावर मैदानावर भांडणं होतात, होऊ देत.

शिकणाऱ्याला खरी फजिती वेगळीच असते. विमान तुमच्याकडे येत असताना डावं उजवं उलटं होतं, आरशात भांग पाडताना होतो तसा गोंधळ. उपाय एकच लक्षात ठेवा, समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली पडलेला दिसतो त्या बाजूला काठी ढकला, जणू त्याला टेकू देताय. आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटरमध्ये आठ-दहा तास घालवा, तिथे लाकूड मोडत नाही. आणि पहाटे उडवा, नऊनंतर जमीन तापते, घारी पंख न हलवता वर वर जायला लागल्या की समजायचं हवा खवळली.

आता काकांचा मुद्दा, पुण्यात उडवायचं कुठे

२०२१ च्या ड्रोन नियमांत माणूस आत नसलेलं, लांबून उडवायचं सगळंच येतं, पंख असोत नाहीतर पंखे. त्यात मॉडेल म्हणून वेगळी व्याख्या आहे, २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी, आणि नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. अशा मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, आणि दोन किलोपर्यंतचं हौसेने उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. पण जागेचे नियम लागतात. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाही, आठ ते बारामध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापलीकडे मोकळ्या भागात ४०० फुटांपर्यंत. लोहगाव विमानतळाभोवती बारा किलोमीटरचं वर्तुळ काढा, बरंचसं पुणं आत येतं. शिवाय ते हवाई दलाचं ठाणं, खडकवासल्याला एनडीए, खडकी, देहूरोड, लष्कराच्या हद्दी सगळीकडे. म्हणून तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर जाऊन उडवू असं डोक्यात असेल तर आधी सरकारी नकाशा बघा, नोंदणीचंही तिथेच बघून घ्या, आणि पोलिसांचा बंदी आदेश चालू असेल तर विमान खरंच कपाटात.

"एवढंसं तर आहे, त्याला कशाला नियम?" एक किलोचं विमान ताशी साठने येऊन आदळलं तर तो दणका चौथ्या-पाचव्या मजल्यावरून सोडलेल्या एक किलोच्या नारळाएवढा असतो. पुढे फिरणारा पंखा वेगळाच. त्यामुळे सोसायटीच्या मैदानात पोरं खेळत असताना नाही म्हणजे नाही.

आणि पडलं तर?

पडणारच. बाल्साची मजा ही की ते सरळ मोडतं, फोमसारखं चुरगळत नाही. सगळे तुकडे उचलून आणायचे, अगदी काडेपेटीच्या काडीएवढा सुद्धा, मोडलेल्या कडा एकमेकींत बसतात आणि पातळ गोंदाच्या दोन थेंबांत जोडल्या जातात. जे हरवलं ते प्लॅनवरून परत कापायचं, म्हणून प्लॅन फेकायचा नाही. मुळशीच्या बांधावर पडलेलं माझं विमान अजून उडतं, नाक तीनदा नवीन झालंय, डाव्या पंखात दोन रिब वेगळ्या रंगाच्या लाकडाच्या आहेत, आणि वजन पहिल्यापेक्षा चौऱ्याऐंशी ग्रॅम जास्त भरतं. त्यातले पस्तीस टायरवाल्याचे.